रोहू : एका नावाची कुळकथा

परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाची भाषा सर्वांत आधी बदलते ती बाजारात. देवघरातील आणि पत्रव्यवहारातील मराठी दोन-तीन पिढ्या तग धरून राहते. परंतु भाजीवाली, वाणी आणि कोळीण यांच्याशी बोलावयाचे शब्द त्यांच्याच तोंडून उचलावे लागतात. रायपूरच्या मराठी घरांतून 'बटाटा' मागे सरून 'आलू' आला तो असाच. आणि रेल्वे स्थानकापलीकडील गुढियारीसारख्या जुन्या वस्तीच्या बाजारातून 'रोहू' हा शब्द आमच्या बोलण्यात शिरला तोही असाच. आमच्यातील वडीलधाऱ्या मंडळींच्या कानांस हा शब्द अजूनही किंचित परका वाटतो. 'आपला' मासा म्हणजे पापलेट, सुरमई, बोंबील. रोहू हा हिंदी मुलखातील तळ्यांचा मासा, आणि त्याचे नावही हिंदीच, अशी त्यांची समजूत असते. मुलांच्या मराठीत असे शब्द वाढत चालले म्हणजे भाषा हातची चालली, असे त्यांस वाटू लागते. ही समजूत कितपत साधार आहे, हे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. कारण एका माशाच्या नावाचा माग काढीत गेले असता वाट वेदकाळापर्यंत पोहोचते, आणि वाटेत आपले कोण व परके कोण याविषयीच्या आपल्या कल्पना बऱ्याच ढासळतात.

प्रथम आपला या भूमीशी असलेला संबंध ध्यानात घेतला पाहिजे. 1741 साली भास्करपंतांची नागपूरकर भोसल्यांच्या वतीने छत्तीसगडावर स्वारी झाली. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून राज्य केले. पुढे सुभेदारांचा अंमल सुरू झाला, आणि 1854 साली नागपूरचे राज्य खालसा होईतोवर या प्रांताचा कारभार मराठी सत्तेशी कोठे ना कोठे बांधलेला राहिला. त्या काळात मोडी लिहिणारे कारकून आले, आणि त्यांच्यामागून निरनिराळ्या पिढ्यांत शिक्षक, वकील, रेल्वेचे नोकरदार आले. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ 1935 सालचे. 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे आणि पुढे लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हे तर मराठी आणि हिंदी यांमधील पूलच होते. तात्पर्य, येथील मराठी माणूस काल आलेला पाहुणा नव्हे. मात्र तो आला तो बहुधा लेखणी घेऊन. जाळे घेऊन आला नाही. पाण्याशी ज्यांचा पिढ्यानपिढ्यांचा व्यवहार, ते ढीमर आणि केवट येथलेच. बिलासपूर हे नगर बिलासा नावाच्या केवटिणीच्या नावाने वसले, असे परंपरा सांगते. ज्या प्रांतात कोळिणीच्या नावाने शहर उभे राहते, तेथे माशांची नावे कोणाकडून शिकावयाची हे निराळे सांगावयास नको.

आता नावाकडे वळू. 'रोहू' हे संस्कृत 'रोहित' या शब्दाचे झिजलेले रूप होय. प्राकृतात दोन स्वरांमधील तकार गळून 'रोहिअ' झाले; अपभ्रंशात प्रथमेच्या एकवचनी नामाच्या अंती उकार येत असे, त्या मार्गाने 'रोहिउ' आणि त्यापासून 'रोहू', असा क्रम लावता येतो. बंगाल्यांनी याच शब्दाचा 'रुई' केला, ओडियात तो 'रोही' झाला, आसामीत 'रौ' एवढाच उरला, आणि भोजपुरी मुलखात 'रेहू' असेही म्हणतात. महानदीपासून ब्रह्मपुत्रेपर्यंत जेथे जेथे हा मासा आहे, तेथे तेथे हे एकच नाव थोड्याबहुत फरकाने त्याच्या पाठीशी आहे.

'रोहित' याचा अर्थ तांबडा. येथे वाचकांस साहजिकच शंका येईल. बाजारात पाटीवर मांडलेला रोहू काही तांबडा दिसत नाही; पाठीवर तो काळसर निळा वा तपकिरी आणि बाजूंनी रुपेरी असतो. परंतु पाण्यातून नुकताच काढलेला, चांगला वाढलेला रोहू उन्हात धरला, म्हणजे त्याच्या खवल्याखवल्यावर तांबूस खूण दिसते. परांवर आणि डोळ्यांतही ती छटा असते. विणीच्या दिवसांत हा रंग अधिक खुलतो. हे नाव ज्याने दिले त्याने मासा ताटात पाहून दिलेले नाही. पाण्याच्या काठी, जाळ्यात फडफडत असताना पाहून दिलेले आहे. नाव ठेवणारा विद्वान असो वा नसो, तो धीवर होता किंवा धीवराच्या शेजारी उभा होता, एवढे खास.

या 'रोहित' शब्दाचे गोत्र फार मोठे आहे. संस्कृतात रकार आणि लकार यांची अदलाबदल होते, त्यामुळे 'रोहित' आणि 'लोहित' हे एकाच शब्दाचे दोन अवतार होत. 'लोहित' म्हणजे तांबडे, आणि म्हणून रक्त. हिंदीतील 'लहू' त्यापासून निघाला. 'लोह' म्हणजे मुळात तांबडा धातू, अर्थात तांबे; लोखंडाचा वापर वाढल्यावर ते नाव लोखंडाकडे गेले, आणि 'लोहखंड' या शब्दावरून आपला 'लोखंड' आला. ब्रह्मपुत्रेचे जुने नाव 'लौहित्य'; तिला अरुणाचलातून येऊन मिळणारी लोहित नदी आजही त्याच नावाने वाहते. आकाशातील रोहिणीचा तारा तांबूस दिसतो म्हणून ती रोहिणी. अथर्ववेदाच्या तेराव्या कांडाची देवता रोहित आहे, आणि तो रोहित म्हणजे आरक्त सूर्य. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाच्या आख्यानात हरिश्चंद्राच्या पुत्राचे नाव रोहित. लोककथेतील रोहिदास तो हाच. भारताबाहेर पाहिले तर ग्रीकांचा 'एरुथ्रोस', लॅटिनमधील 'रुबेर', जर्मनांचा 'रोट' आणि इंग्रजांचा 'रेड' हे सर्व आपल्या 'रुधिर' आणि 'रोहित' या शब्दांचे दूरचे भाऊबंद होत. सूर्य, तारा, नदी, धातू, रक्त आणि राजपुत्र ज्या शब्दाने ओळखले गेले, तोच शब्द एका माशालाही लाभला. गुढियारीत कोळीण 'रोहू' म्हणून हाक देते तेव्हा तिच्या तोंडी एवढे प्राचीन धन असते, आणि त्याचा गर्व ना तिला, ना आपल्याला.

ग्रंथांतून या माशाचा उल्लेख वारंवार येतो, आणि तो आदराने येतो. रामायणाच्या अरण्यकांडात कबंध रामास पंपा सरोवराची वाट सांगतो, तेव्हा तेथील माशांत रोहिताचे नाव घेतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात बहुतेक मासे वर्ज्य सांगून जे थोडे अपवाद केले आहेत, त्यांत पाठीन आणि रोहित अग्रभागी आहेत. देवकार्यात आणि पितृकार्यात ते चालतात, असा तेथे निर्वाळा आहे. पाली जातककथांतही तो आहे. दब्भपुप्फ जातकात दोन पाणमांजरे एक मोठा रोहित मासा पकडून त्याच्या वाटणीवरून भांडतात. न्यायनिवाड्यास आलेला कोल्हा एकाला डोके देतो, दुसऱ्याला शेपूट देतो, आणि मधला सगळा भाग न्यायाधीशाचा हक्क म्हणून स्वतः घेऊन जातो. सतना जिल्ह्यातील भरहुत येथील स्तूपाच्या कठड्यावर ही कथा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरली गेली. छत्तीसगडच्या उत्तरेस फार दूर नसलेल्या त्या मुलखात हा मासा तेव्हाही इतका परिचयाचा होता, की त्याच्यावरून न्यायासनाची थट्टा करता येत असे.

परंतु आम्हांस याहून अधिक नवल वाटते ते वैद्यकग्रंथाचे. सुश्रुतसंहितेत नदीचे मासे आणि समुद्राचे मासे असा भेद करून एकेकाचे गुणधर्म सांगितले आहेत. रोहिताविषयी तेथे म्हटले आहे की, तो गवत आणि शेवाळ खाऊन राहतो. पाठीनाविषयी म्हटले आहे की, तो सुस्त आणि मांसाहारी आहे. आजचे मत्स्यशास्त्र दोघांविषयी जवळजवळ हेच सांगते. रोहू पाण्यातील वनस्पती आणि शेवाळ यांवर वाढतो. पाठीन म्हणजे आजचा 'पढिना', तो दुसऱ्या माशांवर ताव मारतो. ही माहिती ग्रंथकारास केवळ तर्काने मिळणे शक्य नाही. कोणा अनाम धीवराने सांगितलेले अनुभवाचे बोल संस्कृताचा पोशाख घालून संहितेत बसले आहेत. पूर्वी प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक असलेले डॉ. सुंदरलाल होरा यांनी प्राचीन हिंदूंच्या मत्स्यज्ञानावर जी लेखमाला लिहिली, तिच्यामुळे या जुन्या वचनांकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहण्याची रीत पडली.

अमरकोशाच्या वारिवर्गात माशांची जी नावे ओळीने दिली आहेत, त्यांत रोहित, मद्गुर, शाल, राजीव, शकुल ही येतात. पाठीन आणि शफरीही तेथेच भेटतात. आपल्यापैकी पुष्कळांनी अमरकोश बालपणी पाठ केला असेल वा वडिलांच्या तोंडून ऐकला असेल; परंतु मद्गुर म्हणजे कोणता मासा, असे विचारले असता टीका पाहावी लागे, आणि टीकाकारही 'एक प्रकारचा मासा' एवढेच सांगून मोकळा होई. त्याच वेळी छत्तीसगडातील कोळणीच्या टोपलीत मद्गुर 'मांगूर' किंवा 'मोंगरी' होऊन वळवळत होता, शृंगी 'सिंगी' होऊन काटा मारीत होती, पाठीन 'पढिना' झाला होता, आणि रोहित 'रोहू' झाला होता. शकुलाचे 'सौल' आणि बंगालीत 'शोल' झाले. शब्द पंडितांनी पाठ केला. त्याचा अर्थ मात्र जाळे टाकणाऱ्यांनी जपला. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याकडे कोशाचा अर्थ सुरक्षित राहावा, आणि ज्यांच्या घरी कोश होता त्यांनी तो शब्द 'हिंदी' म्हणून नाक मुरडावे, हा योग मोठा विलक्षण आहे.

आता ज्यांस आपण निःसंशय मराठी मानतो, त्या नावांची थोडी चौकशी करू. पापलेट हा कोकणपट्टीचा मानाचा मासा. परंतु त्याचे हे नाव पोर्तुगीज 'पांपु' या शब्दापासून निघाले आणि इंग्रजी 'पाँफ्रेट'च्या संगतीने रूढ झाले. या माशास आपल्या किनाऱ्यावरील खरे देशी नाव 'सरंगा'. बटाट्याची कथाही तशीच. 'बटाटा' पोर्तुगिजांनी आणलेला शब्द आहे, आणि तो त्यांनीही अमेरिकेच्या बेटांवरून उचलला. 'आलू' हा मात्र संस्कृत 'आलु' अर्थात कंद या शब्दाचा वारस. म्हणजे रायपूरचा मराठी गृहस्थ आपले मराठीपण राखण्यासाठी 'आलू' आणि 'रोहू' टाकून 'बटाटा' आणि 'पापलेट' यांस चिकटून बसतो, तेव्हा तो दोन संस्कृतोद्भव शब्द सोडून दोन सागरपारच्या शब्दांचे रक्षण करीत असतो! यात पापलेटची वा बटाट्याची निंदा नाही. चारशे वर्षे मराठी तोंडांत घोळलेले शब्द मराठीच होत. पण तोच न्याय रोहूला का नसावा?

यावर कोणी म्हणेल, शब्द संस्कृतापासून आला म्हणजे मराठी झाला असे नव्हे. तो महाराष्ट्रात होता काय? होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास सिद्ध केलेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांस परिचित आहे, कारण मराठी भाषेचे काही प्राचीन अवशेष त्यात सापडतात. त्याच ग्रंथात राजाने करावयाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. गळ कसा असावा, आमिष कशाचे करावे, कोणता मासा कसा खेळवावा, हे तेथे सविस्तर सांगितले आहे, आणि माशांच्या यादीत रोहित आणि पाठीन ही नावे आहेत. दख्खनच्या राजसभेत बाराव्या शतकात हे नाव चांगले ठाऊक होते.

याहून जवळचा साक्षीदार विदर्भाच्या रानात फिरत आहे. नीलगाईस वैदर्भी मराठीत 'रोही' म्हणतात. संस्कृतात 'रोहित' हे जसे माशाचे नाव, तसेच ते एका तांबूस हरिणाचेही नाव आहे. आणि आपला 'रोही' त्याच मुळाचा असावा असे मानण्यास जागा आहे. पाण्याकाठच्या लोकांनी शब्दाचा मासा राखला, रानाकाठच्या लोकांनी त्याचा पशू राखला. नागपूरहून रायपूरला येताना शब्द बदलत नाही, त्याचा अर्थ मात्र रानातून पाण्यात उतरतो. शिवाय, रोहूच्या जातकुळीतील जे मासे महाराष्ट्राच्या नद्यांत सापडतात, त्यांना 'तांबडा मासा', 'तांबीर' अशी नावे आढळतात. ज्या खुणेवरून प्राचीनांनी 'रोहित' म्हटले, तीच खूण पाहून मराठी भोयाने आपल्या शब्दांत पुन्हा नाव ठेवले. दोन नावे निराळी, परंतु ठेवणारा डोळा एकच.

हे नाव पुढे जगाच्या शास्त्रातही गेले. फ्रान्सिस ब्यूकनन, जो पुढे हॅमिल्टन या नावाने ओळखला गेला, हा स्कॉटलंडचा वैद्य कंपनीच्या नोकरीत असताना बंगाल-बिहारच्या नद्यांतील मासे पाहत हिंडला, आणि 1822 साली गंगेच्या माशांवरील त्याचा ग्रंथ एडिंबरो येथे प्रसिद्ध झाला. नव्या जातींना नावे देताना त्याने पुष्कळ ठिकाणी स्थानिक नावेच ठेवली. रोहिता, कतला, मृगला ही आज जगभर चालणारी शास्त्रीय नावे त्याचीच. रोहूचे पूर्ण शास्त्रीय नाव 'लेबिओ रोहिता'. 'लेबिओ' हे लॅटिनमध्ये जाड ओठांच्या मनुष्याचे नाव, आणि 'रोहिता' आपला. जाड ओठांचा तांबडा! लॅटिन आणि संस्कृत यांची ही सोयरीक गंगेच्या कोळ्यांनी जुळवून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

रोहू मूळचा वाहत्या नदीचा मासा. छत्तीसगड हा तळ्यांचा मुलूख. एखाद्या जुन्या गावाची थोरवी सांगताना 'छै आगर छै कोरी' तळी म्हणजे सहा विशी आणि वर सहा, एकशे सव्वीस तळी, असे सांगण्याची येथे चाल आहे. खुद्द रायपुरात बूढा तालाब, कंकाली, महाराजबंध, तेलीबांधा ही नावे प्रसिद्ध आहेत. परंतु तळ्याच्या साचलेल्या पाण्यात रोहू वाढतो, वीत नाही; त्याला पावसाळी पुराचे पाणी लागते. म्हणून पूर्वी नदीतून बीज गोळा करून ते तळ्यांत सोडीत. 1957 साली ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या वर्गातील माशांची वीण साचलेल्या पाण्यात घडवून आणली. तो 10 जुलैचा दिवस आता मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. पुढे भुवनेश्वरजवळील कौसल्यागंग येथील संशोधन संस्थेत निवडक पैदाशीने अधिक जोमाने वाढणारा रोहू तयार करण्यात आला, आणि स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, 1997 साली, त्याचे 'जयंती' असे नामकरण झाले. ज्याचे नाव वेदकाळच्या शब्दाचे, त्याला बारशाचे दुसरे नावही असे थाटाचे मिळाले.

येथपर्यंतची कथा आनंदाची आहे. परंतु आजच्या बाजारात या नावांवर जे संकट आले आहे, त्याची जाणीव करून दिल्यावाचून हा लेख पुरा करता येत नाही. मासे आता दूरदूरच्या प्रांतांतून बर्फात येतात, आणि काही परदेशी जाती येथल्याच तळ्यांत वाढविल्या जातात. त्यांच्याबरोबर त्यांची नावे येत नाहीत; त्यांना आपल्या माशांची नावे चिकटविली जातात. दक्षिण अमेरिकेतून आलेला एक पसरट मासा 'रूपचंद' म्हणून विकला जातो. वास्तविक 'रूपचांदा' हे पूर्व बंगालात पापलेटचे नाव. त्याहून घातक प्रकार मांगुराचा. आफ्रिकेतील एक अधाशी मासा 'थाई मांगूर' या नावाने तळ्यांत शिरला; तो थायलंडचा नव्हे आणि मांगूरही नव्हे. देशी माशांचा तो फडशा पाडतो म्हणून शासनाने त्याच्या पालनावर बंदी घातली. तरी उसन्या नावाच्या आडोशाने तो विकला जातोच. आणि खरा मांगूर, अमरकोशातील मद्गुर, आज जागतिक सूचीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. रोहूचे नाव तर इतके सैल झाले आहे, की खवल्यांचा कोणताही मध्यम मासा अनभिज्ञ गिऱ्हाइकाच्या गळ्यात 'रोहू' म्हणून मारता येतो. गिऱ्हाईक फसते ही गोष्ट लहान. परंतु ज्या माशाला नाव उरत नाही, तो नाहीसा झाला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. टोपलीत चार नावे होती तोवर चार मासे होते. एकच नाव उरले, तर बाकीचे तीन केव्हा गेले हे सांगणार कोण?

म्हणून परप्रांतातील आम्हां मराठी माणसांचे भाषेविषयीचे कर्तव्य आम्ही आजवर समजत आलो त्याहून थोडे निराळे आहे. घरात 'रोहू' शब्द आला म्हणून हळहळण्याचे कारण नाही. तो आमच्याच वडिलार्जित संपत्तीचा, शेजाऱ्याच्या घरी ठेव म्हणून राहिलेला भाग आहे, आणि शेजाऱ्याने तो आमच्यापेक्षा चांगला सांभाळला. हळहळावयाचे असेल तर ते मांगूर, सिंगी, पढिना, टेंगना, खोकसी ही नावे मुलांच्या कानांवर पडेनाशी झाली याबद्दल. ती शिकविण्यास कोणताही कोश पुरा पडणार नाही. ती ढीमराच्या पाटीसमोर उभे राहून, एकेक मासा पाहून आणि त्याचे नाव विचारूनच शिकली पाहिजेत. मुलाने 'रोहू' म्हटले असता त्यास 'तो शब्द आपला नव्हे' असे सांगण्याऐवजी, खवल्यावरील तांबडी खूण दाखवावी, आणि सांगावे की रोहिणीच्या ताऱ्याला आणि या माशाला आपल्या पूर्वजांनी एकाच रंगावरून नाव दिले. तेवढ्याने त्याचे मराठीही वाढेल, आणि ज्या भूमीत तो राहतो ती भूमीही त्यास थोडी अधिक आपली वाटेल.